संत मार्टिनचें अर्धें पांघरूण

फ्रान्स देशांत लुआर नदीच्या कांठीं तूर नांवाचें जुनें शहर आहे. चौथ्या शतकांत तेथें बिशप असलेला मार्टिन हा फ्रान्सच्या पालक-संतांपैकीं एक होय. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत संत म्हणजे धर्मासाठीं प्राण देणारा हुतात्मा, अशीच बहुधा समजूत असे. हौतात्म्यावांचून, केवळ आचरणाच्या बळावर लोकांच्या पूजेस पात्र झालेल्या आरंभींच्या पुरुषांत मार्टिनची गणना होते. त्याच्या अर्ध्या पांघरुणाची गोष्ट युरोपांत लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण प्रसंग निराळाच होता, आणि तो फारसा कोणी सांगत नाहीं.

मार्टिनचा जन्म आजच्या हंगेरींतील सोम्बाटहेय येथें, म्हणजे त्या काळच्या सबारिया नगरींत झाला. जन्मवर्ष कोणी इ. स. ३१६ मानतात, तर कोणी ३३६. बाप रोमन फौजेंतील अधिकारी. आईबाप दोघेही जुन्या दैवतांचे उपासक. बालपण इटलींतील पाव्हिया येथें गेलें. वयाच्या दहाव्या वर्षींच हा मुलगा आईबापांस न जुमानतां चर्चमध्यें जाऊन धर्मशिक्षण मागूं लागला. परंतु सैनिकाच्या मुलानें सैन्यांतच शिरावें असा साम्राज्याचा कायदा होता. पंधराव्या वर्षीं त्याला सक्तीनें शिपाई व्हावें लागलें.

उत्तर गॉलमधील आमियां शहराच्या वेशीपाशीं एका कडाक्याच्या हिवाळ्यांत त्याला उघडाबागडा भिकारी दिसला. येणारेजाणारे त्याला टाळून पुढें जात होते. मार्टिनजवळचें होतें नव्हतें तें आधींच वाटून संपलें होतें; अंगावर शिपायाचें जाड पांघरूण तेवढें उरलें होतें. त्यानें तलवार उपसून त्याचे दोन तुकडे केले, एक भिकाऱ्याला दिला व दुसरा स्वतः पांघरला. त्याचें तें विचित्र रूप पाहून कांहीं लोक हंसले. त्याच रात्रीं तो अर्धा तुकडा पांघरलेला ख्रिस्त त्याच्या स्वप्नांत आला, असें परंपरा सांगते. त्यानंतर त्यानें बाप्तिस्मा घेतला.

पुढें ऱ्हाइन नदीकांठच्या वॉर्म्स शहरीं ज्यूलियन हा लढाईपूर्वीं शिपायांस बक्षिसी वांटीत असतां मार्टिननें ती नाकारली. आतां आपण ख्रिस्ताचे सैनिक झालों, तलवार चालविणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. भित्रेपणाचा आरोप होतांच, उद्यां निःशस्त्र होऊन आघाडीवर उभा राहतों, असें तो म्हणाला. त्याला पहाऱ्यांत ठेवण्यांत आलें. परंतु दुसऱ्या दिवशीं शत्रूनेंच तहाची बोलणीं लावलीं व मार्टिन फौजेंतून मोकळा झाला. ही हकीकत सल्पिशियस सेव्हेरस या त्याच्या शिष्यानें गुरूच्या उतारवयांत लिहिलेल्या चरित्रांत आहे. त्यांत चमत्कार पुष्कळ असल्यानें इतिहासकार तें जपून वाचतात. तरी माणसाचा स्वभाव त्यांतून स्पष्ट उमटतो.

फौज सोडल्यावर मार्टिन पॉइटिअर्सचा बिशप हिलरी याच्या आश्रयास राहिला. इ. स. ३६१ च्या सुमारास लिगुजे येथें त्यानें मठ स्थापिला; गॉलमधील तो पहिला मठ समजतात. दहा वर्षांनीं तूरच्या लोकांना तो बिशप म्हणून हवा झाला. तो येणार नाहीं हें ओळखून एका नागरिकानें, माझी बायको आजारी आहे, असें सांगून त्याला मठाबाहेर काढलें. जमलेल्या कांहीं बिशपांनीं नाकें मुरडलीं. केस विसकटलेले, कपडे मळके, असला माणूस या पदावर कसा शोभेल? पण लोकांनीं ऐकलें नाहीं. बिशप झाल्यावरही तो शहराबाहेर मार्मूतिए येथें ८० शिष्यांसह, कडेकपारींतील गुहांत व लाकडी झोपडींत राहिला. तेथें कोणाचेंही स्वतःचें असें कांहीं नसे.

त्याची खरी कसोटी त्रिएर शहरीं, मॅक्सिमस सम्राटाच्या दरबारीं लागली. स्पेनमधील प्रिसिलियन या बिशपावर पाखंड व जादूटोणा यांचे आरोप होते. त्याचा वध व्हावा म्हणून इथाशियस हा बिशपच सम्राटापाशीं हट्ट धरून बसला होता. मार्टिनला प्रिसिलियनचीं मतें मुळींच मान्य नव्हतीं. तरी तो त्याच्या जिवासाठीं भांडला. पाखंडी ठरलेल्यास चर्चमधून बाहेर काढलें म्हणजे पुरे. धर्माच्या बाबतींत राजाच्या न्यायासनानें निवाडा करणें हें आजवर कधीं घडलें नाहीं, असें त्याचें म्हणणें. रक्तपात करणार नाहीं, असें वचन सम्राटानें दिलें. पण मार्टिनची पाठ फिरतांच इ. स. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन व त्याचे कांहीं साथीदार यांचा शिरच्छेद झाला. ख्रिस्ती सम्राटाच्या हुकुमानें पाखंडाच्या प्रकरणांत ख्रिस्ती माणसें मारलीं गेल्याचें हें पहिलें मोठें उदाहरण होय.

इतक्यावर भागलें नाहीं. उरलेल्या अनुयायांस हुडकून काढण्यासाठीं लष्करी अधिकारी स्पेनला धाडण्याचा बेत झाला. मार्टिन पुन्हां त्रिएरला आला. ज्या बिशपांचे हात रक्तानें माखले होते त्यांच्यासह उपासनेस बसावयास तो तयार नव्हता, आणि सम्राटानें नेमकी तीच अट घातली. आपली शुद्धता राखावी कीं परक्यांचे जीव राखावे? मार्टिननें जीव राखले. एक दिवस तो त्यांच्यांत बसला, आणि परततांना वाटेंतील अरण्यांत एकटाच मागें राहून आपल्याच कृत्याचा विचार करीत दुःखी झाला. त्यानंतर मरेपर्यंत बिशपांच्या एकाही सभेस तो गेला नाहीं.

इ. स. ३९७ च्या नोव्हेंबरांत कांद या गांवीं त्यानें देह ठेवला. पॉइटिअर्सचे व तूरचे लोक प्रेतासाठीं भांडूं लागले. रात्रीं पॉइटिअर्सकर झोपले असतां तूरकरांनीं तें खिडकींतून बाहेर काढून नावेनें नेलें, असें तूरचाच पुढील बिशप ग्रेगरी लिहितो. ११ नोव्हेंबरला दफन झालें, आणि तोच त्याचा उत्सवदिन ठरला.

येथून पांघरुणाचा दुसरा प्रवास सुरू होतो. फ्रँक राजांनीं मार्टिनला आपला कैवारी मानलें. त्याच्याजवळ उरलेला अर्धा तुकडा म्हणून जें वस्त्र दाखविलें जाई, त्यावर हात ठेवून दरबारांत शपथा होत. विजयासाठीं तें रणांगणावर नेलें जाई. लॅटिन भाषेंत त्याला ‘कापेल्ला’, म्हणजे लहान पांघरूण, म्हणत. त्याचे राखणदार ते ‘कापेल्लानी’. त्यावरूनच प्रार्थनागृहाला चॅपेल आणि फौजेंतील धर्मोपदेशकाला चॅपलेन हीं नांवें मिळालीं. ज्यानें लढावयाचें नाकारलें, त्याचें वस्त्र लढाईंत मिरवलें गेलें!

तूरमधील समाधीवर मोठें मंदिर उभें राहून तें यात्रेचें ठिकाण बनलें. इ. स. १५६२ मध्यें धर्मयुद्धांत प्रॉटेस्टंटांनीं अस्थि जाळल्या; फ्रेंच राज्यक्रांतींत मंदिराचा तबेला झाला, पुढें तें पाडून त्यावरून रस्ता काढला. १८६० मध्यें समाधीची जागा पुन्हां सांपडली व तेथें नवें मंदिर बांधण्यांत आलें. जर्मनींत आजही मार्टिनच्या सणाला मुलें कंदील घेऊन मिरवणूक काढतात. १९१८ सालीं पहिलें महायुद्ध थांबलें तो दिवसही योगायोगानें ११ नोव्हेंबरच होता.

गारठलेल्या भिकाऱ्याला पांघरूण देणें थोर खरेंच; पण तेथें देणाऱ्याचें मन ओढ घेत होतें. ज्याचीं मतें आपणांस पटत नाहींत, त्याच्या जिवासाठीं आपल्याच धर्मबंधूंचा रोष पत्करणें याहून अवघड. पहिल्या कृत्याच्या मूर्ति चर्चोचर्चीं आहेत. दुसऱ्याचें स्मरण युरोपानें वेळीं ठेवलें असतें, तर पुढील शतकांत पाखंडाच्या नांवानें पेटलेल्या पुष्कळशा चिता पेटल्या नसत्या.