टमाटरचा रस्सा आणि आईचं श्राद्ध



पितृपक्षात आमच्याकडे आईच्या नावानं पान वाढलं जातं. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, सगळं रीतसर. पण तिच्या हातचा आणि तिचा सगळ्यात आवडता पदार्थ, साय घातलेला टमाटरचा रस्सा, त्या पानात नसतो. श्राद्धाला टमाटर चालत नाही. (आम्ही इंदूरचे, म्हणून टमाटर. ‘टोमॅटो म्हणा रे’ म्हणून पुण्याची मावशी हसायची.)

हे फळ मूळ दक्षिण अमेरिकेतलं. मेक्सिकोतल्या लोकांच्या ‘टोमाट्ल’ या शब्दावरून त्याचं नाव आलं. सोळाव्या शतकात ते स्पेनमार्गे युरोपात गेलं, पुढे गोऱ्या लोकांबरोबर आपल्याकडे. आपल्या माणसांनी त्याला ओळखीची नावं दिली. मराठीत वेलवांगी, कुठे भेदरं, हिंदीत विलायती बैंगन. नाव ठेवणारा चुकला नव्हता, वांगं आणि टमाटर एकाच कुळातले. पण विलायती आणि वर लालभडक, म्हणून सोवळ्यात त्याला जागा मिळाली नाही. गंमत बघा, मिरची, बटाटा, शेंगदाणे हेही अमेरिकेचेच, आणि ते उपवासालासुद्धा चालतात!

आमची आजी सोवळ्यातली. तिच्या स्वयंपाकात आंबटाला चिंच, आमसूल, कैरी नाहीतर ताक. टमाटर चुलीजवळ आलेलं तिला खपत नसे. आईनं कधी वाद घातला नाही. आजीचं जेवण आटोपलं की ती मागच्या पडवीत शेगडी पेटवायची आणि आम्हा भावंडांसाठी रस्सा करायची.

तेव्हा गावरान टमाटर मुख्यतः थंडीत मिळायचे, पातळ सालीचे, रसाळ, चांगले आंबट. अर्धा किलो टमाटर उकडून ती पुरणयंत्रातून काढायची, साल आणि बिया वर राहायच्या. दोन चमचे खसखस भिजवून पाट्यावर गंधासारखी वाटायची. मंदसौर-नीमचकडे अफूची शेती, त्यामुळे खसखस आमच्या माळव्याचीच. तुपात जिरं, बारीक चिरलेला कांदा, आलं, मग खसखस परतून हळद, तिखट आणि टमाटरचा रस. तूप कडेनं सुटेपर्यंत शिजवायचं. शेवटी मीठ आणि सुपारीएवढा गूळ.

साय मात्र शेगडीवर असताना घालायची नाही. एकदा मी घाई करून उकळत्या रश्शात अर्धी वाटी साय ओतली, सगळं फाटून चोथापाणी झालं. आई रागावली नाही. म्हणाली, “आंबट आणि आच एकदम आली की दूध नासतं रे. आधी खाली उतरव, जरा निवू दे. मग साय फेटून तिच्यात दोन चमचे रस्सा घाल. ओळख झाली की सगळी ओत.” वरून जाडी शेव घालून पोळीशी खायचं.

मावशी म्हणायची, “हे काही आपलं नव्हे.” मला वाटतं, हेच आपलं. फळ अमेरिकेचं, खसखस मंदसौरची, शेव इंदूरची, आणि चिमूटभर गोडाशिवाय चैन न पडणारी मराठी जीभ. होळकरांची राजधानी 1818 नंतर इंदूरला आली, तेव्हापासून आपली माणसं इथे अशीच मुरली. मुळातलं सोडलं नाही आणि शेजाऱ्याचं नाकारलं नाही.

आजीची रीत आम्ही मोडली नाही. श्राद्धाच्या पानात आजही टमाटर नसतं. पण दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे येते आणि आम्ही दोघं तो रस्सा करतो. पुरणयंत्र आईचंच आहे. पहिली वाटी बाजूला काढून ठेवतो, कुणाची ते बोलत नाही.

तुमच्या घरी टमाटरला जुनी माणसं काय म्हणायची? आणि चुलीजवळ त्याला पहिल्यांदा कुणी आणलं? जरूर लिहा. ही नावं आपल्याबरोबरच जातील नाहीतर.