वेसकर, उकिरडा आणि जातिवंत कुत्रा

कुत्रा कोण पाळतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण पाळणे म्हणजे मालकी, आणि आपल्या देशात मालकीचा इतिहास जातीला वगळून लिहिता येत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे सांगितले आहे. गाय नाही, बैल नाही; कुत्रा मात्र चालेल. श्वपच या शब्दाचा अर्थच मुळी कुत्रे शिजवणारा. श्राद्धाचे ब्राह्मण जेवत असता ज्यांची नजर त्यांच्यावर पडू नये, त्यांतही चांडाळ आणि कुत्रा एकाच यादीत आहेत. अकरावा अध्याय सांगतो की कुत्रा मारल्यास शूद्रहत्येचे प्रायश्चित्त घ्यावे. ही कुत्र्याची बढती की शूद्राची किंमत, हे वाचकांनीच ठरवावे.

ग्रंथातले हे शेजारपण गावगाड्यात प्रत्यक्ष नांदत होते. महार वेसकर म्हणून वेशीवर रात्र जागवी, परक्या माणसाची वर्दी देई आणि सांजेला दारोदार भाकरी मागे. गावचे कुत्रेही रात्रभर भुंके आणि सकाळी दारोदार तुकड्यासाठी उभे राही. दोघांचा मालक कोणी एक नव्हता. दोघांवर हक्क मात्र साऱ्या गावाचा. या राबवणुकीला वतन असे भारदस्त नाव होते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र 1958 साली झाला. मेलेले ढोर, उष्टे आणि मागितलेली भाकरी सोडा, हे 1927 साली महाडला सांगितले गेले, तेव्हा आमची माणसे एका पंक्तीतून उठली. त्या पंक्तीत शेजारी कोण बसले होते, ते वेगळे सांगायला नको. माझी आजी कुत्र्याला भाकरी घाली, पण त्याला उंबऱ्याच्या आत कधी येऊ देत नसे. शाळकरी वयात मला तो स्वच्छतेचा भाग वाटे. कॉलेजात वतनांविषयी वाचले तेव्हा त्या उंबऱ्याचा अर्थ कळला.

पट्ट्याचा, वंशावळीचा कुत्रा साहेबाच्या बंगल्यातून आला. इंग्लंडात 1873 साली केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या पिढ्या नोंदवहीत गेल्या. आपल्या पांढरपेशा वर्गाने ही हौस उचलली तेव्हा मराठीला नवा शब्द शोधावा लागला नाही. 'जातिवंत' तयारच होता. उरलेली सारी गावठी. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म गटांतर्गत विवाहात आहे, असे दाखवले होते. कुत्र्याची जात राखणे म्हणजे तरी दुसरे काय? मादीचा गावठी कुत्र्याशी संबंध आला की पिल्लांचे मोल कोसळते. बेटीव्यवहाराचा हा कायदा येथे कोणालाही खटकत नाही.

हे सारे थर एकाच ठिकाणी पाहायचे तर बोरिवलीच्या गोराईत यावे. खाडीपलीकडे मूळ गाव, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळ्यांचे. तिथे कुत्रा सुकत घातलेली मासळी राखतो आणि जमेल तेव्हा पळवतोही. खाडीअलीकडे 1972 पासून 2007 पर्यंत महापालिकेचे कचरामैदान होते. त्याच 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातील असंख्य भूमिहीन मुंबईला आले, आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला या शहराने कचरा ठेवला. माझ्या एका विद्यार्थिनीची आई या मैदानावर कचरा वेचत असे. ती सांगते, गाडी रिकामी झाली की एका बाजूने बाया आकडी घेऊन धावत, दुसऱ्या बाजूने कुत्री; प्लास्टिक आणि भंगार बायांचे, हाडके कुत्र्यांची. हळूहळू एकेक कुत्रे एकेका बाईच्या मागे लागले. "ते माझं व्हतं," ती म्हणते. त्याला पट्टा नव्हता, परवाना नव्हता, त्याच्यासाठी दाम मोजला नव्हता. मालकी या शब्दाचा हा अर्थ कोणत्या कायद्यात बसतो? मैदान बंद झाले, त्यावर माती पडली, गवत उगवले. बायांचा रोजगार गेला आणि कुत्री वसाहतीच्या रस्त्यांवर पांगली.

ती वसाहत 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने पाडलेल्या लहान भूखंडांची. तिथे कारकून, कामगार आले. राखीव जागांवर नोकरीला लागलेली आमचीही काही घरे आली. त्यांची मुले आज लॅब्राडोर आणतात. यात गैर काय, असे कोणी विचारील. गैर काहीच नाही. ज्याच्या आजोबाला पाणवठ्यावर कुत्र्याइतकाही हक्क नव्हता, त्याच्या नातवाने हौस करावी. पण चळवळीतल्या एका मित्राने कौतुकाने पिल्लाचे वंशावळीचे कागद माझ्यापुढे धरले, तेव्हा मला बोलता आले नाही. त्या कुत्र्याला सकाळी फिरवायला घरकामाची बाई नेते.

दरम्यान कायदा बदलला. महापालिका पूर्वी भटकी कुत्री मारत असे. 2001 च्या नियमांनी नसबंदी व लसीकरण करून त्यांना होते तिथेच सोडणे आले, 2023 च्या नियमांत ती 'सामुदायिक प्राणी' झाली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो सौम्य केला. वाद रंगला तो प्राणिप्रेमी आणि सोसायटीवाले यांच्यात. पहाटे रस्ता झाडणारा कामगार त्यात कुठेच नव्हता. पाठीवर गोणी दिसली की कुत्री धावून येतात, हे कचरा वेचणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे. चावा घेतला की लसीसाठी दवाखान्याच्या चार-पाच फेऱ्या; प्रत्येक फेरीत मजुरी बुडते. भूतदयेचा हा खर्च कोण भरतो, हे कोणी मोजलेले माझ्या पाहण्यात नाही. आणि तरीही, कुत्री मारा असे त्या बाया म्हणत नाहीत.

विद्यार्थिनीची आई आता त्याच वसाहतीत तीन इमारतींचा ओला-सुका कचरा वेगळा करते. मैदानावरच्या कुत्र्यांपैकीच एकाचे पिल्लू तिच्यामागे फिरते. नसबंदीच्या खुणेचा कान कापलेला आहे. सोसायटीच्या फाटकाशी रखवालदार वहीत तिचे नाव लिहून तिला आत सोडतो. कुत्रे बाहेर बसून राहते, ती परत येईपर्यंत.