यंत्रकौशल्य-शिक्षण, वऱ्हाडातील

यंत्रकौशल्य-शिक्षण, वऱ्हाडातील : हत्यारे व यंत्रे स्वतः हाताळून, वस्तू घडवून किंवा दुरुस्त करून मुलांना तंत्रविद्येची ओळख करून देणारे शिक्षण. अचलपूर (जि. अमरावती) व त्याच्या परिसरात या शिक्षणाचा इतिहास हा बव्हंशी कार्यशाळा व शाळा यांतील दुराव्याचा इतिहास आहे.

इमादशाहीची (१४९०–१५७४) राजधानी असलेल्या अचलपुराच्या पंचक्रोशीत सुतार-लोहारांचे कसब बापाकडून मुलाकडे जात असे. भाता ओढता ओढता मूल लोखंडाचा रंग ओळखण्यास शिके. ही विद्या अस्सल होती. परंतु ती जातीच्या चौकटीत राहिली व अक्षरविद्येशी तिची सांगड पडली नाही.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला मोठी मागणी आली आणि पुढे लोहमार्ग, सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांना लागणारे जोडारी व कातारी मिस्त्रीच्या हाताखालील उमेदवारीतूनच तयार होत. मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंदमापी मार्गावरील ‘शकुंतला’ गाडी मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनलेल्या वाफेच्या एंजिनावर १९९४ पर्यंत धावत होती. इतके जुने एंजिन चालते ठेवणारे ज्ञान कारागिरांच्या हातांत होते. पाठ्यपुस्तकांत त्याला स्थान नव्हते.

हा दुरावा मिटविण्याचा मोठा प्रयत्न याच प्रांतात झाला. अचलपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत म. गांधींची नई तालीम योजना मांडली गेली व झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. हस्तव्यवसाय यांत्रिकपणे न शिकविता प्रत्येक क्रियेमागील कारण मुलांना कळावे, हा तिचा गाभा होता. तथापि परीक्षा पुस्तकीच राहिल्या, आणि हातकाम हे गरिबांच्या मुलांसाठी, असा समज पालकांत टिकून राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात औद्योगिक प्रशिक्षण संस्था व शिकाऊ उमेदवारी अधिनियम (१९६१) यांनी कुशल कामगार घडविले. पण तो शालेय शिक्षणाहून वेगळा मार्ग ठरला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिफारस केलेला कार्यानुभव पुष्कळ शाळांत कागदी फुले व भरतकाम यांपुरताच उरला.

महाराष्ट्रात याला ठळक अपवाद म्हणजे पाबळ (जि. पुणे) येथील विज्ञान आश्रम होय. अन्नतंत्रज्ञ श्रीनाथ कालबाग यांनी तो १९८३ मध्ये स्थापिला. येथे जोडकाम, बांधकाम, वीज, शेती व आरोग्य हे विषय मुले गावाला प्रत्यक्ष उपयोगी पडणारी कामे करून शिकतात. मोजमाप, अंदाजपत्रक व आकृतिलेखन कामातूनच येत असल्यामुळे गणित वेगळे उरत नाही. माध्यमिक शाळांसाठी तयार केलेल्या येथील अभ्यासक्रमास राज्य मंडळाची मान्यता मिळाली.

राष्ट्रीय शिक्षण धोरणात (२०२०) सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार इ. स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. शाळेने ज्या मिस्त्रीला दीर्घकाळ बाहेर ठेवले, त्यालाच गुरू मानण्याचा हा विचार आहे. त्याचे यश मात्र या कामाला परीक्षेत व समाजात मिळणाऱ्या प्रतिष्ठेवर अवलंबून राहील.