ठराव आणि संवाद : नामांतराची सोळा वर्षे

जनसंपर्क म्हटले की वृत्तपत्रांना पाठवलेली पत्रके, सत्कार आणि छायाचित्रे एवढेच डोळ्यांसमोर येते. या विषयाचे अभ्यासक त्याहून वेगळे काम महत्त्वाचे मानतात. भोवतालच्या समाजात काय बदलते आहे हे संस्थेच्या कानावर वेळेत घालणे आणि संस्थेला स्वतःत बदल करायला लावणे, हे ते काम. जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ साली एकतर्फी प्रसिद्धी आणि दुतर्फी संवाद यांतला फरक नेमका मांडला. तोवर मराठवाडा हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकत होता.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. तोपर्यंत उच्च शिक्षणासाठी हा प्रदेश हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत असे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. नावात प्रदेशाचा अभिमान होता. मात्र याच शहरात १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथे शिकलेली दलित पिढी विद्यापीठात येऊ लागली. विद्यार्थी बदलत होते आणि त्यांना विद्यापीठाकडून हव्या असलेल्या गोष्टीही बदलत होत्या.

१९७७ मध्ये नामांतराच्या मागणीला जोर आला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. मुंबईत ठराव झाला, पण गावोगावी त्याची पूर्वतयारी झालेली नव्हती. लगेच दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. पोचिराम कांबळे यांची हत्या त्याच काळातली. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही कधी चढली नव्हती अशा शेतमजुरांनी ठरावाची किंमत मोजली. ठराव मात्र कागदावरच राहिला.

या विरोधात दोन वेगळे प्रवाह होते. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते 'मराठवाडा' या नावाशी बांधलेले होते. त्यांच्याशी युक्तिवाद शक्य होता. गावातला राग निराळा होता. शिष्यवृत्त्या, नोकऱ्या आणि दलितांचा ताठ झालेला कणा त्याला खुपत होता. पहिल्या प्रवाहाला संवादाने उत्तर देता आले असते, दुसऱ्यासमोर कायदा खंबीरपणे उभा राहायला हवा होता. शासनाने १९७८ मध्ये दोन्ही गोष्टी वेळेत केल्या नाहीत.

पुढची सोळा वर्षे प्रश्न जिवंत ठेवला तो आंदोलकांनी. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, तुरुंगवास झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले.

१४ जानेवारी १९९४ रोजी मुख्यमंत्री शरद पवार यांनी नामविस्तार जाहीर केला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' या नावात प्रदेश राहिला आणि बाबासाहेबही आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने दुसरे विद्यापीठ स्थापन झाले. मुक्तिसंग्रामाच्या स्मृतीला त्यामुळे स्वतंत्र स्थान मिळाले. विरोध याही वेळी झाला, पण १९७८ सारखा वणवा पेटला नाही.

याचे सगळे श्रेय कुशल संपर्काला देणे अन्यायाचे ठरेल. मधल्या काळात दलित चळवळीचे बळ वाढले होते आणि राजकारणाची गणितेही बदलली होती. शिवाय 'संवाद चालू आहे' हे वाक्य न्याय लांबवण्यासाठीही वापरता येते. सोळा वर्षांचा विलंब सर्वांना सारखा सोसावा लागला नाही. तो मुख्यतः एकाच समाजाने सोसला. संस्थेचा जनसंपर्क तपासताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : ती कोणाचे ऐकते, आणि ऐकायला उशीर झाला तर त्याची झळ कोणाला बसते?

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी गावोगावची माणसे जमतात. त्यांतल्या अनेकांनी आत कधी शिक्षण घेतलेले नसते. तरीही ती त्या कमानीपुढे नतमस्तक होतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. विद्यापीठाला आपला खरा समाज दाखवून देणारी माणसे हीच आहेत.