वणव्याचा दोष कोणाच्या माथी?



मार्च सरत आला की गंगापूर रोडवर दुपारी बाहेर पडवत नाही. त्याच सुमारास ब्रह्मगिरी नाहीतर अंजनेरीच्या बाजूला वणवा लागल्याची बातमी येते आणि घराघरांत वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, “गावातलेच लोक पेटवतात.” दुसरा म्हणतो, “हवामानच बदललंय, त्याला कोण काय करणार?” हा वाद आजचा नाही. आपल्या सह्याद्रीत तो पावणेदोनशे वर्षं चालू आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

१८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर जंगलांचे पहिले मुख्य अधिकारी झाले. झाडं तुटली की झरे आटतात आणि मुलूख कोरडा पडतो, असं ते सरकारला कळवत होते. म्हणजे तापलेल्या कोरड्या हवेचा आणि जंगलाचा संबंध तेव्हाही लोकांच्या ध्यानात आला होता. पण पुढच्या काही वर्षांत आगगाडी आली. १८६५ साली कसारा घाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचली. रुळांखालच्या स्लीपरना आणि इंजिनाच्या भट्टीला लाकूड लागायचं, ते जंगलातूनच यायचं. मग उरलेलं जंगल राखायला १८७८ चा कायदा आला. डोंगरच्या डोंगर सरकारी राखीव झाले आणि जंगलाचा नाश कोण करतं, या प्रश्नाला सरकारी कागदांत एक सोपं उत्तर मिळालं, ते म्हणजे राब.

शहरात वाढलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे भाताची आणि नागलीची रोपं करायची तर पावसाआधी जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्यांचा टहाळ आणि गवत पसरून ते भाजतात. यालाच राब भाजणं म्हणतात. त्यानं तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं आणि रोप जोमानं येतं. पाला गोळा करण्यापासून लावणीपर्यंत यातलं बरंच काम बायाच करतात. जंगल खात्याला मात्र राबात दिसली तुटलेली फांदी आणि आग.

ठाणे-कुलाब्याकडून इतक्या तक्रारी गेल्या, की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. राब गरजेचा की उधळपट्टीचा, हा त्यातला एक मोठा वाद होता. त्याच्या थोडंच आधी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले होते. डोंगर, दऱ्या, कुरणं सगळी खात्यानं गिळली आणि गरिबाच्या शेळीलाही चरायला जागा उरली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे १८९३ साली व्होल्कर या इंग्लंडहून आलेल्या शेतीतज्ज्ञाचा अहवाल निघाला. इथला शेतकरी अडाणी समजू नका, असं त्यात होतं.

आता दुसरी बाजू पाहू. हवा तापते कशानं? गिब्सन इथे जंगलं सांभाळत होते, त्याच काळात, १८५६ साली, अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली आणि सावलीत नेल्यावरही बराच वेळ निवेना. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. विद्वानांच्या सभेत तो निबंध एका पुरुष शास्त्रज्ञानं वाचला आणि पुढे बाईंचं नाव शंभरावर वर्षं विस्मरणात गेलं. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली मांडलं. त्यात शहराची भर वेगळी. द्राक्षबागांच्या जागी इमारती उठल्या, आणि सिमेंट दिवसभराचं ऊन रात्री परत सोडतं.

मग वणव्याला जबाबदार कोण? खरं तर इथे दोन प्रश्न आहेत आणि आपण ते एकच समजतो. ठिणगी कोणी टाकली, हा पहिला. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. कुठे विडीचं थोटूक पडतं, कुठे शिकारी रान पेटवतात, कुठे नवं गवत चांगलं येईल या समजुतीनं जाळतात. दुसरा प्रश्न असा, की ती ठिणगी विझली का नाही? उन्हानं आपोआप डोंगर पेटत नाही, पण तापलेल्या हवेत गवत आणि पाला पार वाळतो आणि आग आवरत नाही. ऑस्ट्रेलियात २०१९-२० साली भीषण वणवे लागले तेव्हाही आग लावणारे दोषी की हवामान, असंच भांडण झालं. तिथे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यांत उष्ण आणि सगळ्यांत कोरडं वर्ष होतं २०१९. तिथेही ठिणगी आणि दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

हा फरक का महत्त्वाचा, ते सांगते. १९२७ च्या वन कायद्याचं २६ वं कलम आजही लागू आहे. राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा मोठ्या निष्काळजीपणानं आग लावली, तर त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ बंद करू शकतं. म्हणजे काडी एकाची आणि शिक्षा अख्ख्या गावाला. सरपणाची मोळी आणणारी बाई, शेळ्या राखणारी पोर, यांनी काय करायचं? आणि हवा तापवण्यात गाडी, एसी, वीज वापरणाऱ्या आपला वाटा त्या बाईपेक्षा किती तरी मोठा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं वेगळी वाट दाखवली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर गावानं तेंदूपत्ता तोडायचं बंद केलं. त्यात पैसा होता, पण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि रान पेटवलं जातं. म्हणून गावानं तो पैसा सोडला. जंगल आपलं झालं की आग राखायची जबाबदारीही आपली वाटते.

तेव्हा मैत्रिणींनो, डोंगरावर धूर दिसला तर आधी वनखात्याला कळवा. फिरायला जाल तेव्हा चूल पेटवू नका आणि सोबतच्या कोणाला सिगारेट ओढू देऊ नका. आणि घरी कोणी “गावकऱ्यांनीच पेटवलं” म्हणालं, तर त्यांना विचारा, “गवत इतकं वाळलं कशानं?”