तातीपासून तारेपर्यंत

गिटारची तार तुटली की आज आपण दुकानाची वाट धरतो. सतराव्या शतकातल्या युरोपात वादकाला अशी सवड नव्हती. त्या वेळी गिटारला मेंढीच्या आतड्याच्या ताती असत, आपल्या सारंगीला असतात तशा. मानेवरचे पडदेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले. हवा दमट झाली की तात सुरातून जाई, कधी वाजवतानाच तुटे. त्यामुळे ताती बांधणं, पडदे सरकवणं हा रियाजाचाच भाग होता.

पुढे खर्जासाठी रेशमावर बारीक धातूची तार गुंडाळू लागले. वरच्या तीन तारा मात्र तातीच्याच राहिल्या. मग दुसरं महायुद्ध आलं. जखमा शिवायला तात हवी होती, वाद्यांसाठी ती मिळेना. १९३८ साली जाहीर झालेलं नायलॉन तेव्हा कामी आलं. न्यूयॉर्कमधल्या अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिरानं १९४०च्या दशकात त्याच्या तारा केल्या. आंद्रेस सेगोव्हियासारख्या थोर वादकानं त्या आपल्याशा केल्या आणि तातीचं राज्य संपलं.

अमेरिकेत आणखी एक वाट फुटली होती, पोलादी तारांची. मोठ्या आवाजाची मागणी वाढली, तशी १९२०च्या दशकात तिथल्या गिटारी या तारांसाठी आतून भक्कम बांधल्या जाऊ लागल्या.

हा इतिहास घरातही उपयोगी पडतो. सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलो वजनाइतका, नायलॉनच्या तारांचा साधारण ४० किलो. नायलॉनसाठी केलेल्या गिटारवर पोलादी तारा चढवल्या, तर चिकटवलेली घोडी उखडते, पोटाची फळी फुगते. म्हणून तारा घेताना आधी आपलं वाद्य ओळखावं.

माझ्या गिटारच्या तारा मी स्वतःच बदलतो. एक उतरवायची, तिच्या जागी नवी बांधायची, मग दुसरी. म्हणजे मानेवरचा ताण एकदम जात नाही. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं घाम पुसायचा. नायलॉनची नवी तार दोन-चार दिवस उतरत राहते, पुन्हा पुन्हा सुरात आणावी लागते. घाईचा माणूस तिला खोटी ठरवतो. ती फक्त ताणाला सरावत असते. कान तयार होतो तो याच दोन-चार दिवसांत. दुकानात तार बसवून मिळते, हे कानाचं शिक्षण मात्र आपलं आपल्यालाच घ्यावं लागतं.