लाटेक : चुकांच्या यादीत पहिली चूक महत्त्वाची

गणिती सूत्रे, तळटीपा आणि संदर्भसूची असलेले प्रबंध नेटके छापण्यासाठी जगभरातील संशोधक 'लाटेक' ही अक्षरजुळणी प्रणाली वापरतात. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ साली सिद्ध केलेल्या 'टेक' या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिची उभारणी केली. येथे मजकूर आज्ञांसह लिहायचा आणि त्याचे संकलन, म्हणजे कंपाइल, करून पीडीएफ मिळवायची. आज्ञेतील एक कंस राहिला तरी संकलन अडते आणि पडद्यावर चुकांची लांबलचक यादी उमटते. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या दिवशी असे घडल्यास भलेभले गांगरतात.

यादी कशी वाचावी?

यादीतील पुढच्या चुका बहुधा पहिल्या चुकीमुळेच उद्भवलेल्या असतात. म्हणून यादी आरंभापासून वाचावी, पहिली चूक दुरुस्त करावी आणि पुन्हा संकलन करावे. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ चुकीचा प्रकार सांगते. त्याखाली ओळीचा क्रमांक असतो. ती ओळ जेथे तुटलेली दिसते, तेथपर्यंतच मजकूर वाचला गेलेला असतो. मूळ दोष मात्र त्याच्याही आधी असू शकतो.

नेहमी आढळणारे दोष

* 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' : आज्ञेचे स्पेलिंग चुकले आहे किंवा आवश्यक पॅकेज जोडलेले नाही.
* 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' : अधोरेषेसारखे गणिती चिन्ह साध्या मजकुरात आले आहे किंवा सूत्राच्या मध्ये रिकामी ओळ सुटली आहे.
* 'रनअवे आर्ग्युमेंट' : बहुधा महिरपी कंस बंद करावयाचा राहिला आहे.
* 'फाइल नॉट फाउंड' : पॅकेज किंवा चित्राची फाइल सापडत नाही, नाव आणि जागा तपासावी.

दुरुस्तीनंतरही जुनीच चूक दिसत राहिली, तर संकलनात तयार झालेल्या 'ऑक्स' आणि 'टीओसी' या सहायक फायली काढून टाकाव्यात. दोष कोठे आहे हेच कळत नसेल, तर दस्तऐवज संपवणारी आज्ञा मजकुराच्या मध्यावर टाकून पाहावी. चूक नाहीशी झाली, तर दोष बहुधा उत्तरार्धात आहे. असे निम्मे-निम्मे करत गेल्यास मोठ्या प्रबंधातीलही दोष थोड्या फेऱ्यांत सापडतो.

न बोलणाऱ्या चुका

ज्या चुकीची सूचनाच मिळत नाही, ती अधिक घातक. टक्क्याच्या चिन्हापुढील मजकूर लाटेक टिपण समजून वगळते. '४५% घट झाली' असे लिहिल्यास '४५' एवढेच छापले जाते आणि ओळीचा उरलेला भाग नाहीसा होतो. त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश हवाच.

मराठी मजकुरासाठी 'झीलाटेक' आणि 'फॉन्टस्पेक' पॅकेज वापरावे. टंकाबरोबर देवनागरी लिपीचा निर्देश न केल्यास जोडाक्षरे तुटतात. टंकात देवनागरी अक्षरेच नसतील, तर त्यांच्या जागी कोरी जागा किंवा चौकोन येतात. त्याची 'मिसिंग कॅरेक्टर' ही नोंद लॉग फाइलमध्ये होते.

म्हणून पीडीएफ तयार झाली, एवढ्यावर समाधान मानू नये. लॉग फाइल एकदा चाळावी आणि छापील आकडे मूळ मजकुराशी ताडून पाहावेत.